गाळ उपसताना मुलांना बाहेर ठेवू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही खडूने एक पाणबुडी काढली. लांबी 40 फूट, रुंदी साडेतीन फूट. मुलं आठच हवी होती. नऊ जमली, म्हणून एकाला बाहेर बसवून त्याच्या हातात घड्याळ दिलं. सात जण एका बाजूला ओळीने बसले, गुडघे पोटाशी, हात समोरच्या नसलेल्या दांड्यावर. आठवा पुढे. त्याने सुकाणू धरायचं आणि वाट बघायची. डोक्यावर चार फुटांवर छत आहे, उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, फक्त दांडा फिरवायचा, एवढंच मी सांगितलं होतं. सहा मिनिटांनी पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, पाय आखडले." घड्याळवाल्याने लगेच विचारलं, "खऱ्या माणसांना किती वेळ बसावं लागलं?"

खरी माणसं म्हणजे 'एच. एल. हनली' या पाणबुडीतली आठ माणसं. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात, 17 फेब्रुवारी 1864 च्या रात्री दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन बंदराबाहेर दक्षिणेची ही हाताने चालणारी लोखंडी पाणबुडी उत्तरेच्या 'हूसॅटॉनिक' या युद्धनौकेपर्यंत गेली. पुढच्या लांब दांड्याच्या टोकाला काळ्या दारूचा सुरुंग बांधलेला होता, साधारण 135 पौंडांचा. तो नौकेला लावून उडवला. हूसॅटॉनिक काही मिनिटांत बुडाली, तिच्यावरचे पाच जण गेले. शत्रूची युद्धनौका बुडवणारी जगातली ही पहिली पाणबुडी. आणि त्याच रात्री ती स्वतःही नाहीशी झाली. 1995 साली ती गाळाखाली सापडली, 8 ऑगस्ट 2000 रोजी क्रेनने वर आली, आणि तिच्या पोटातला गाळ उपसून आत काय आहे ते बघण्याचं काम नॉर्थ चार्ल्सटनच्या एका प्रयोगशाळेत सुरू झालं.

या शोधावर अमेरिकेत मुलांसाठी माहितीपर पुस्तकं निघाली. त्यांतल्या एकाला 2006 साली सायबर्ट पदक मिळालं. मुलांच्या माहितीपर पुस्तकांसाठी तिथल्या ग्रंथालय संघटनेने ठेवलेला तो मोठा सन्मान. आम्ही रविवारच्या वाचनात हा विषय घेतला तेव्हा मराठीत मुलांच्या हातात देता येईल असं याबद्दलचं काहीही मला मिळालं नाही. म्हणून मी इंग्रजीतून वाचून तोंडी मराठीत सांगत गेले. सांगता सांगता जे माझ्या मनात पक्कं होत गेलं तेच इथे मांडते आहे. मुलांच्या माहितीच्या पुस्तकात आपण मुलांना उत्तर देतो, आणि ते कसं सापडलं ते आपल्याकडेच ठेवतो. हे थांबलं पाहिजे. आणि एकदा मुलांना 'तुम्हाला हे कसं कळलं?' असं विचारायला शिकवलं, की 'हे सगळं कशासाठी होतं?' या त्यांच्या पुढच्या प्रश्नापासूनही आपल्याला पळता येणार नाही.

पहिला मुद्दा आधी. हनलीच्या गोष्टीत मुलं सगळ्यात जास्त कशात रमली? स्फोटात नाही. स्फोट त्यांना टीव्हीवर रोज दिसतात. ती रमली ती पाणबुडी वर कशी काढली यात. ती सापडली तेव्हा एका कुशीवर कललेली होती, जवळजवळ 45 अंशांत. पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्या माणसांनी, तिच्याखालचा गाळ थोडा थोडा काढला आणि तिच्या पोटाखालून एकेक पट्टा ओवला. असे 32 पट्टे. प्रत्येक पट्ट्यावर एक पिशवी, तिच्यात आधी पातळ असलेला आणि मग फुगून घट्ट होणारा फेस भरलेला, म्हणजे पिशवी पाणबुडीच्या अंगाला तंतोतंत बसावी. वर लोखंडी सांगाडा. आणि मग ती जशी कललेली होती तशीच, त्याच कोनात उचलली.

"तिरकी का उचलली? सरळ करून उचलायची ना!" सहावीतली एक मुलगी म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. शाळेची पाण्याची बाटली घेतली, तळाशी माती आणि चार मणी टाकले, पाणी भरलं, बाटली आडवी करून सगळं बसू दिलं. "आता सरळ कर," म्हटलं. तिने केली. मणी घरंगळले, माती ढवळली. ती बाटलीकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आतली माणसं कुठे बसली होती ते कळलंच नसतं." शास्त्रज्ञांनी पाणबुडी सरळ केली ती 2011 साली. तोवर ती थंड गोड्या पाण्याच्या टाकीत तशीच कललेली होती. एका मुलीला एका मिनिटात कळलेल्या गोष्टीसाठी ती माणसं अकरा वर्षं थांबली होती, हे ऐकल्यावर सगळ्या मुलांचे चेहरे जे झाले ते मला अजून दिसतात.

पुरातत्त्व म्हणजे काय याची व्याख्या त्या मुलीला कुणी पाठ करायला दिली असती तर तिने ती परीक्षेपुरती लिहून सोडून दिली असती. वस्तू महत्त्वाची आहे तितकीच तिची जागाही महत्त्वाची आहे, ही या शास्त्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तिला आपली आपण सापडली. कारण गोष्टीत तिच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती.

मी पाहिलेल्या मराठीतल्या बहुतेक माहितीपर बालपुस्तकांत अशी रिकामी जागा नसते. जगातली सर्वांत उंच अमुक, सर्वांत पहिलं तमुक, शोध कुणी लावला, साल कोणतं. पानाच्या कोपऱ्यात 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी चौकट. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांवरच मी वाढले. पण त्यांच्यात एक गृहीतक आहे: ज्ञान म्हणजे मोठ्यांनी कुठेतरी पूर्ण करून ठेवलेली गोष्ट, मुलांनी ती फक्त घ्यायची. आपल्या राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालसाहित्याचा जो विभाग आहे, त्यात या प्रकाराचं नाव 'सर्वसामान्य ज्ञान (छंद व शास्त्रे)' असं आहे. मला हे नाव बदलायला हवं असं मनापासून वाटतं. 'सर्वसामान्य ज्ञान' म्हटलं की स्पर्धा परीक्षेचं गाईड डोळ्यापुढे येतं. एखादी लेखिका चार वर्षं एका विषयामागे धावली, प्रयोगशाळेत जाऊन बसली, जुने अहवाल वाचले आणि मग दहा वर्षांच्या वाचकासाठी लिहायला बसली, तर त्या कामाला हे नाव पुरत नाही. कादंबरीला जशी कारागिरी लागते तशीच इथे लागते.

ही कारागिरी कशी असते ते हनलीच्या पोटातल्या एका वस्तूवरून सांगते. पाणबुडीचा प्रमुख लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन. त्याच्याबद्दल एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. 1862 च्या एप्रिलमध्ये शायलोच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळी लागली, पण खिशात प्रेयसीने दिलेलं सोन्याचं नाणं होतं, गोळी नाण्यावर आदळली आणि तो वाचला. ते वाकलेलं नाणं तो कायम जवळ बाळगायचा. ऐकायला छान, खरं मानायला कठीण. 2001 साली पुरातत्त्वज्ञ मारिया जेकबसेन डिक्सनच्या अवशेषांजवळचा गाळ बोटांनी चाचपत होत्या. तेव्हा बोटांना एक कड लागली. 20 डॉलरचं सोन्याचं नाणं, 1860 सालचं, मध्ये वाकलेलं. मागच्या बाजूला घासून गुळगुळीत केलेल्या जागेवर कोरलेलं: शायलो, 6 एप्रिल 1862, माझा जीवरक्षक, जी. ई. डी.

इथे मुलं ओरडलीच. ओरडू दे. मलाही ओरडावंसं वाटलं होतं. पण चांगलं पुस्तक इथे थांबत नाही, आणि त्या रविवारी मीही थांबले नाही. विचारलं, "नाण्यामुळे काय सिद्ध झालं?" गोळी लागली हे. नाणं होतं हे. तो ते जवळ बाळगायचा हे. "आणि प्रेयसीने दिलं हे?" शांतता. मग एक जण म्हणाला, "ते नाण्यावर लिहिलेलं नाही." बरोबर. दंतकथेचा एक धागा पुराव्याने घट्ट धरला, दुसरा अजून सुटाच आहे. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुढे ढकलताना पन्नाशीच्या माणसांना तो कळत नाही, कारण त्यांना दहाव्या वर्षी कुणी तो दाखवला नव्हता.

तसाच तो बिल्ला. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या या पाणबुडीत एका सांगाड्याजवळ ओळख पटवण्याचा बिल्ला निघाला, आणि त्यावर नाव होतं एझ्रा चेंबरलिन, उत्तरेच्या सैन्यातला सैनिक. म्हणजे शत्रूचा माणूस आत होता? हेर? मुलांनी लगेच हेराची गोष्ट रचली. पण नोंदी सांगतात की चेंबरलिन 1863 च्या जुलैत चार्ल्सटनजवळच्या मॉरिस बेटावर मारला गेला होता. हाडं दुसऱ्याच माणसाची निघाली, जोसेफ रिजवे याची. त्याने तो बिल्ला रणांगणावरून उचललेला असावा किंवा कुणाकडून घेतलेला असावा. 'असावा' हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारला. मराठीत आपल्याकडे हे सुंदर क्रियापदाचं रूप आहे. आला, आला असेल, आला असावा, आला म्हणतात. खात्रीच्या इतक्या पायऱ्या आपल्या भाषेत तयार आहेत, आणि मुलांच्या पुस्तकांत आपण फक्त 'आला' वापरतो.

हाडांबद्दल काही पालकांनी नाराजी कळवली. कवट्या, सांगाडे, कवटीत टिकून राहिलेला मेंदूचा अंश, हे सगळं मुलांना कशाला? मी त्यांच्याशी बोलले, आणि त्यांचं म्हणणं मला पोकळ वाटलं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे दाखवायची गरज नाही. पण दहा-बारा वर्षांची मुलं मृत्यू बघतच असतात, घरात, शेजारी, बातम्यांत. त्यांच्यापासून आपण जे लपवतो तो मृत्यू नसतो. मृत्यूकडे आदराने आणि कुतूहलाने एकाच वेळी बघता येतं, ही शक्यता आपण लपवतो. त्या आठ जणांची हाडं तपासणाऱ्या डग्लस आउस्ली या मानववंशशास्त्रज्ञांनी काय शोधलं बघा. माणूस जे खाऊन वाढतो त्याची खूण हाडांत राहते. मक्याच्या जातीच्या आणि गव्हाच्या जातीच्या वनस्पतींत कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण वेगवेगळं असतं. अमेरिकेत वाढलेले मका खायचे, युरोपात वाढलेले गहू, राय. त्यावरून कळलं की आठांपैकी चौघे अमेरिकेत जन्मलेले होते आणि चौघे युरोपातून आलेले. मी मुलांना सांगितलं की ज्वारी-बाजरीही मक्याच्याच बाजूची, आणि गहू-तांदूळ दुसऱ्या बाजूचे. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे माझ्या आजीच्या हाडांत भाकरी असेल." त्याची आजी सोलापूरकडची. हाडांचं भय तिथे गळून पडलं आणि आजी आली.

आता दुसरा मुद्दा. तो जास्त अवघड आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा.

गच्चीवरच्या त्या पाणबुडीत बसलेल्या मुलांपैकी एकाने उठताना सहज विचारलं, "मग ते लढत कशासाठी होते, काकू?"

माझ्याजवळ एक सोपं उत्तर होतं: आपल्या प्रदेशासाठी, आपल्या बंदराची नाकेबंदी फोडण्यासाठी. हे खोटं नाही. उत्तरेच्या नौदलाने चार्ल्सटनची कोंडी केली होती आणि हूसॅटॉनिक त्या कोंडीतलं एक जहाज होतं. पण हे अर्धं आहे. 1860 च्या डिसेंबरात चार्ल्सटनमध्येच दक्षिण कॅरोलायनाने अमेरिकेच्या संघराज्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यामागची कारणं सांगणारं त्यांनीच लिहिलेलं निवेदन उपलब्ध आहे. त्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत आणि गुलामगिरीविरुद्ध चळवळ करतात. कुणा टीकाकाराने हे नंतर चिकटवलेलं नाही, त्यांच्याच सहीचं आहे. हनलीच्या शोधमोहिमेला लागलेल्या बऱ्याचशा भावनिक बळामागे या दक्षिणी वारशाचा अभिमान होता. 17 एप्रिल 2004 रोजी चार्ल्सटनच्या मॅग्नोलिया दफनभूमीत या आठ जणांचा दफनविधी झाला तेव्हा हजारो लोक जमले होते, कित्येक जण जुन्या कॉन्फेडरेट गणवेशात. आणि 2015 च्या जूनमध्ये याच शहरातल्या एका चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसांना प्रार्थनेच्या वेळी गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा तरुण कॉन्फेडरेट झेंड्याबरोबर स्वतःची छायाचित्रं काढून घेणारा होता. पुढच्या महिन्यात राज्याच्या विधानभवनासमोरून तो झेंडा उतरवला गेला. म्हणजे हा इतिहास पाण्याखाली शांत पडलेला नाही.

तर मुलांसाठी लिहिताना याचं काय करायचं? एक उत्तर मी वारंवार ऐकते: शौर्य वेगळं आणि राजकारण वेगळं, मुलांना शौर्य द्यावं. मला ते पटत नाही. धाडसाची गोष्ट सांगायची आणि ते धाडस कशाच्या कामी आलं ते गाळायचं, तर मुलांच्या मनात धाडस म्हणजे आपोआपच चांगली गोष्ट असं पक्कं बसतं. उलट टोकही मला नको. दांडा फिरवणारे ते सात जण राक्षस होते असं दाखवणं खोटं ठरेल. त्यांच्यातले चौघे दूरच्या देशांतून आलेले, अंधारात मेणबत्तीच्या उजेडात बसलेले. आधी दोनदा ही पाणबुडी सरावात बुडून एकूण तेरा जण गेले आहेत हे माहीत असताना आत शिरलेले. दुसऱ्या वेळी तर पाणबुडीच्या बांधणीत ज्याचा पैसा आणि जीव गुंतला होता तो होरेस हनली स्वतःच बुडाला. पहिल्या वेळच्या मृतांच्या कबरी तर विसरल्या गेल्या, आणि 1999 साली त्या एका फुटबॉल मैदानाखाली सापडल्या. ही माणसं धाडसी होती. आणि ज्या व्यवस्थेसाठी ती लढली ती माणसांची खरेदी-विक्री करणारी होती. दोन्ही वाक्यं मुलं एकाच वेळी पेलू शकतात. मी त्यांना ती पेलताना पाहिलं आहे.

ते शक्य झालं ते रॉबर्ट फ्लेमिंगमुळे. हूसॅटॉनिकवर त्या रात्री पुढच्या बाजूला पहाऱ्यावर असलेला हा कृष्णवर्णीय खलाशी. पाणबुडी त्याला सगळ्यात आधी दिसली. नौदलाच्या चौकशीतली त्याची साक्ष आहे. पाण्यात काहीतरी येतंय, असं त्याने वरच्याला सांगितलं. वरचा म्हणाला, ओंडका आहे. फ्लेमिंगने जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: ओंडका प्रवाहाबरोबर वाहतो, हे प्रवाहाला आडवं येतंय.

एवढंच वाक्य. मुलांपुढे मी ते तीनदा वाचलं. या सगळ्या शोधकथेतलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य मला हेच वाटतं. एका माणसाने रात्री अंधारात पाण्याकडे नीट पाहिलं, जे दिसलं त्याची माहीत असलेल्या नियमाशी तुलना केली आणि निष्कर्ष काढला. त्याचं लगेच ऐकलं गेलं नाही. पुढे जहाज बुडत असताना तो डोलकाठीच्या दोरांवर चढला आणि तिथून त्याला पाण्यावर एक निळा उजेड दिसला, हेही त्याच्याच साक्षीत आहे. हनली स्फोटानंतर काही काळ तरंगत होती का, हा दीड शतकाचा वाद त्या निळ्या उजेडाभोवती फिरत राहिला. म्हणजे पाणबुडीच्या येण्याचा आणि कदाचित जाण्याचा साक्षीदार असा माणूस आहे, ज्याला गुलाम ठेवायचा हक्क टिकावा म्हणून समोरची बाजू युद्धात उतरली होती. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की फार जुळवून आणलंय. ते घडलेलं आहे, कागदावर आहे. आणि या पाणबुडीची गोष्ट सांगताना फ्लेमिंगचं नाव नाही आलं तरी गोष्ट पूर्ण वाटते. हीच धोक्याची जागा.

त्याच बंदरातली आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी जोडली. 13 मे 1862 च्या पहाटे 'प्लँटर' या कॉन्फेडरेट जहाजावरचा गुलाम सुकाणूधारी रॉबर्ट स्मॉल्स, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले पाहून, बायका-मुलांसह जहाज घेऊन निघाला. डोक्यावर कप्तानाची गवती टोपी घालून, प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना शिट्टीचे बरोबर इशारे देत. आणि उत्तरेच्या जहाजांपाशी पोचल्यावर पांढरं कापड उभारून तो मोकळा झाला. पुढे तो अमेरिकेच्या संसदेचा सदस्य झाला. तेच पाणी, तेच किल्ले, मध्ये फक्त एकवीस महिने. मुलांनी विचारलं, यातलं जास्त धाडसी कोण? मी म्हटलं, तुम्ही भांडा. ती अर्धा तास भांडली, आणि त्या भांडणात 'कशासाठी' हा शब्द मी न सांगता वीसेक वेळा आला.

पाणबुडी बुडाली कशामुळे, याचंही पक्कं उत्तर अजून नाही, आणि मुलांच्या पुस्तकात हे असंच यावं. 2013 साली सुरुंगाच्या दांड्याच्या टोकाला सुरुंगाच्या तांब्याच्या खोळीचा तुकडा चिकटलेला आढळला. म्हणजे स्फोट झाला तेव्हा पाणबुडी 20 फुटांच्याही आत होती. 2017 साली रेचेल लान्स या संशोधिकेने छोट्या प्रतिकृतीवर प्रयोग करून मांडलं की स्फोटाचा धक्का लोखंडी पत्र्यातून आत शिरून माणसं जागच्या जागी मेली असणार. पाणबुडीवर काम करणाऱ्या इतर शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. प्रत्येक माणूस आपापल्या जागी सापडला, बाहेर पडण्यासाठी झटापट केल्याची खूण नाही. हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, अर्थ वेगवेगळा लावतात. "म्हणजे मी मोठी झाले की मला शोधता येईल?" असं त्या बाटलीवाल्या मुलीने विचारलं. सुटलेल्या कोड्याने कुणाच्या तोंडून हे वाक्य येत नाही.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. आपल्या समुद्रातही पाणबुडी पडलेली आहे. पाकिस्तानची 'गाझी' 1971 च्या डिसेंबरात, 3 आणि 4 तारखेच्या मधल्या रात्री, विशाखापट्टणमजवळ बुडाली. आत नव्वदहून जास्त नौसैनिक होते. भारतीय बाजू सांगते की 'राजपूत' या आपल्या नौकेने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली. पाकिस्तानी बाजू सांगते की आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने. दोन साक्षी, एक सांगाडा, समुद्राचा तळ. यावर मराठीत बारा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक निघालं तर ते कसं असेल? आज निघालं तर विजयाची गोष्ट म्हणून निघेल, अशी मला भीती आहे. मला असं पुस्तक हवं आहे ज्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं पूर्ण दिलेलं असेल, पत्रा आतून बाहेर वाकलेला असणं आणि बाहेरून आत वाकलेला असणं यातला फरक चित्राने समजावलेला असेल, आणि आत मेलेल्या माणसांबद्दल एक शब्दही तुच्छतेचा नसेल. आणि मुंबईच्या गोदीत 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्रीनंतर स्फोट होऊन बुडालेली आपली 'सिंधुरक्षक'? अठरा जण गेले. पुढच्या वर्षी ती वर काढली गेली. आमच्या घरांपासून लोकलने तासाभरावर हे घडलं. आमच्या गच्चीवरच्या नऊ मुलांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. ती तेव्हा जन्मलेली नव्हती किंवा तान्ही होती, त्यांचा दोष नाही. त्यांना सांगणारं काही आपण लिहिलं नाही.

प्रकाशकांशी बोलताना खर्चाचा मुद्दा येतो: रंगीत पानं, जाड कागद, छायाचित्रांचे हक्क. खर्च खरा आहे. पण मी मागते आहे त्यातलं बरंचसं रंगीत नाही. छायाचित्राखाली ते कुठलं आणि कधीचं ते लिहायला रंग लागत नाही. लेखकाने शेवटी दोन पानांत 'मी हे कुणाला विचारून, काय वाचून लिहिलं, कुठे माझं मत बदललं' हे सांगायला जाड कागद लागत नाही. सूची लागते, म्हणजे मुलाला 'नाणं' शोधायचं असेल तर पान सापडावं. आणि 'असावा' लिहायची हिंमत लागते, संपादकाने ती खोडू नये इतकीच. ग्रंथालयांच्या खरेदीत आणि पुरस्काराच्या निकषांत या गोष्टींना गुण दिले तर दोन-चार वर्षांत फरक दिसेल. पुरस्कार समितीने प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारावा: यातली माहिती लेखकाला कशी कळली, हे वाचणाऱ्या मुलाला कळतं का?

खडूची पाणबुडी पहिल्या पावसात गेली. त्या आधीच्या रविवारी मुलांनी तिच्यात आठ नावं लिहायचं ठरवलं होतं. डिक्सन, रिजवे आणि बाकीची, माझ्याकडून अक्षरं विचारून विचारून लिहिली. मग ती बाटलीवाली मुलगी खडू घेऊन रेघेच्या बाहेर गेली, गच्चीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी. तिथून तिने पाणबुडीकडे पाहिलं, अंतर पावलांनी मोजलं, आणि खाली बसून लिहिलं: रॉबर्ट फ्लेमिंग, पहाऱ्यावर.